जुन्या डिझेल पिकअपला १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवावा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर ते तुम्हाला लगेच दिसेल. तुमच्याकडे २००६ सालची, डीआय डिझेल इंजिनाची महिंद्रा पिकअप आहे. हंगामात तुम्ही भिलार-पाचगणी भागात संध्याकाळी स्ट्रॉबेरी भरता आणि पसरणी घाट उतरून वाईमार्गे महामार्गाला लागता व रात्रीतच पुण्याच्या बाजारात पोहोचता. हौद्यावर बंदिस्त पेटी केलेली असून तिच्यात हवा खेळती राहावी म्हणून १२ व्होल्टचे दोन पंखे लावले आहेत, भरणीच्या उजेडासाठी ५५ वॅटचे दोन हॅलोजन आहेत, आणि वजनकाटा, बिलाचा प्रिंटर व एक-दोन बल्ब चालवण्यासाठी लहान इन्व्हर्टर जोडलेला आहे. भरणी होईपर्यंत गाडी तासभर स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू ठेवून, उभी असते. मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून गाडीसाठी वीज तयार करणारा डायनमो, ४५ अँपिअरचा आहे, दीड वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या, पहाटे सेल्फ ओढत नाही, आणि आता एका गॅरेजवाल्यांनी जुन्या बाजारातून अलीकडच्या एसयूव्हीचा १२० अँपिअरचा डायनमो आणून बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो आणि घाटावर माल वाहणाऱ्या पिकअप हे माझ्याकडचे नेहमीचे गिऱ्हाईक आहे. माझे उत्तर असे की, तो १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवू नये. तुम्हाला मोठा अल्टरनेटर लागेल असे मलाही वाटते, परंतु तो ७० ते ७५ अँपिअरचा, तुमच्याच इंजिनाला बसणारा आणि पाठीमागे ब्रेकसाठी हवा ओढणारा व्हॅक्युम पंप असलेला हवा. आणि तो आणण्याआधी चार्जिंगची वायर, अर्थिंग व बेल्ट यांची तपासणी झाली पाहिजे, कारण आज तयार होणारा करंटसुद्धा बॅटरीपर्यंत पुरेसा पोहोचत नसावा, अशी मला दाट शंका आहे.

सुरुवात ब्रेकपासून करतो, कारण तुमच्या रस्त्यात पसरणी घाट आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडवणारी झडप असल्यामुळे ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्युम इनटेक मॅनिफोल्डमधूनच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधूनच, मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते, त्यामुळे व्हॅक्युम तयार करण्यासाठी स्वतंत्र पंप द्यावा लागतो, आणि तुमच्या पिढीच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. बॉनेट उघडून अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला पाहा. इंजिन ऑइल आणणारी एक बारीक नळी, तेच ऑइल चेंबरमध्ये परत सोडणारी एक जाड नळी आणि बूस्टरकडे जाणारा एक रबरी होज, असे तिन्ही तिथे दिसले, तर तुमच्या गाडीचा अल्टरनेटर केवळ विजेचे काम करत नाही, तो तुमच्या ब्रेकचाही भाग आहे. एसयूव्हीचा जो अल्टरनेटर तुम्हाला सुचवला आहे, त्याच्या पाठीवर बहुधा असा पंप नसेल, कारण अलीकडच्या अनेक डिझेल इंजिनांत व्हॅक्युम पंप इंजिनावरच वेगळ्या जागी बसवतात.

पंपाशिवायचा अल्टरनेटर बसवला, तर गाडी चालू होईल, लाइट झकपक लागतील आणि सपाटीवर दोन-चार किलोमीटर काही जाणवणारही नाही. बूस्टरमध्ये एकमार्गी झडप असल्याने साठलेल्या व्हॅक्युमवर एखाद-दुसऱ्या वेळी पेडल नेहमीसारखे दाबले जाते. त्यानंतर मात्र ते दगडासारखे घट्ट होते, आणि भरलेली गाडी उतारावर असताना निव्वळ पायाच्या जोरावर ती आवरावी लागते. यावर उपाय म्हणून काही जण जुना पंप नव्या अल्टरनेटरला लेथवर काम करून जोडतात, तर काही जण विजेवर चालणारा व्हॅक्युम पंप लावतात. पहिल्या प्रकारात शाफ्टच्या खाचा, मध्यरेषा आणि फिरण्याची दिशा हे तिन्ही तंतोतंत जुळावे लागते. दुसऱ्या प्रकारात ब्रेक पुन्हा त्याच वायरिंगच्या भरवशावर जातात, ज्या वायरिंगची तक्रार घेऊन आपण बसलो आहोत. घाटात चालणाऱ्या मालवाहू गाडीला मी या दोन्हींपैकी काहीच करून देत नाही.

याच पंपाशी निगडित एक गोष्ट तुमच्या सध्याच्या अल्टरनेटरवरही तपासून घ्यावी. पंपातून परत जाणारे ऑइल मोकळेपणी उतरले नाही, म्हणजे ती जाड नळी दुमडली असेल किंवा गाळाने अरुंद झाली असेल, तर ऑइल सील ओलांडून अल्टरनेटरच्या आत शिरते, फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग तेलकट होतात व चार्जिंग कधी येते, कधी जाते. तुमच्या अल्टरनेटरच्या खालच्या जाळीतून काळे ओशट काही पाझरत असेल, तर ४५ अँपिअरचा अल्टरनेटर प्रत्यक्षात ४५ अँपिअर देतच नसेल, आणि मग तो लहान पडतो की आजारी आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

त्या १२० अँपिअरच्या मालाविषयी आणखी दोन अडचणी आहेत. अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये अल्टरनेटरने किती व्होल्टेज द्यायचे हे इंजिनाचा संगणक ठरवतो, आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्या संगणकाच्या सूचनेची वाट पाहतो. तुमच्या गाडीत तो संगणकच नाही. अशा वेळी काही अल्टरनेटर अजिबात चार्ज करत नाहीत, तर काही एकाच कमी व्होल्टेजवर अडकून राहतात, आणि जुन्या बाजारातल्या बाकावर बल्ब लावून दाखवलेल्या चाचणीत यातले काही दिसत नाही. दुसरी अडचण बेल्टची. नव्या गाडीच्या पुलीवर बारीक खाचांचा सपाट बेल्ट असतो, तर तुमच्याकडे व्ही-बेल्ट आहे. पुली बदलता येते, पण बेल्टवर पडणारा भार बदलता येत नाही. १२० अँपिअर आणि १४ व्होल्ट म्हणजे सुमारे १,६८० वॅट वीज होते. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर त्यासाठी इंजिनाकडून सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे ४ अश्वशक्ती, त्या एका बेल्टवरून खेचावी लागते. ७५ अँपिअरला हाच आकडा अडीच अश्वशक्तीच्या घरात राहतो. एकेरी व्ही-बेल्टवर ८० अँपिअरच्या पुढे जायला मी तयार होत नाही. बेल्ट घसरला की तो चुरचुरतो, तापतो, चकाकी येऊन गुळगुळीत होतो. आणि बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही फिरत असल्याने पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर जाऊ लागतो. मग गिऱ्हाईक रेडिएटरवाल्याकडे जाते, आणि दोष मात्र अल्टरनेटरच्या हव्यासात असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अल्टरनेटरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा हा तो वेगाने फिरत असतानाचा आकडा असतो. साधारणपणे तो अल्टरनेटरच्या स्वतःच्या ६,००० आरपीएमला आणि खोलीच्या तापमानाला मोजलेला असतो. तुमचे इंजिन स्लोवर ८०० आरपीएमला फिरत असेल आणि पुलींचे गुणोत्तर २.१ च्या आसपास असेल, तर अल्टरनेटर जेमतेम १,७०० आरपीएमला फिरतो. या वेगाला ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरकडून २० अँपिअर मिळाले तरी ते बरे म्हणायचे. त्यातून तो तापला की तांब्याचा रोध वाढतो. दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के या हिशेबाने १०० अंशांनी तापलेल्या वाइंडिंगचा रोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो, आणि करंट आणखी आवळला जातो. म्हणूनच तासभर स्लोवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत मी पट्टीवरचा आकडा विचारात घेण्याआधी तो अल्टरनेटर १,७०० ते २,००० आरपीएमला किती देतो हे पाहतो. मोठ्या आकड्याचा प्रत्येक अल्टरनेटर स्लोवर जास्त देतोच असे नाही. वरच्या वेगाला जास्त करंट मिळावा म्हणून काहींच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या वाइंडिंगमध्ये) जाड तारेचे कमी वेढे असतात, आणि असे अल्टरनेटर मुळात चार्जिंगला सुरुवातच उशिरा, वाढलेल्या वेगाला करतात. याच कारणाने जुना स्टेटर जाड तारेने पुन्हा वाइंड करून घेण्याच्या युक्तीपासूनही दूर राहावे. डायोड प्लेट (एसीचा डीसी करंट करणारी), ब्रश आणि हवेचा पंखा आहे तेवढेच राहतात आणि उष्णता वाढते.

तुमच्या गाडीवरचा भार मी तुमच्या वर्णनावरून असा मांडतो. हेडलाइटचे लो बीम दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे सुमारे ८ अँपिअर. भरणीचे दोन हॅलोजन तेवढेच, ८ अँपिअर. पार्किंग, टेल, नंबर प्लेट आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून ३ अँपिअर. पेटीतले पंखे रेडिएटरच्या पंख्याच्या जातीचे असतील, तर प्रत्येकी साडेसात धरून १५ अँपिअर. इन्व्हर्टरवर १०० वॅटचा भार असेल, तर त्याच्या स्वतःच्या तोट्यासह ९ अँपिअर. इंजिनाचा फ्युएल सोलेनॉइड आणि किरकोळ मिळून २ अँपिअर. बेरीज होते ४५ अँपिअर, आणि गंमत अशी की तुमच्या अल्टरनेटरची पट्टीही नेमके ४५ म्हणते, त्यामुळे कागदावर सगळे जमल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात स्लोवर २० मिळतात, उरलेले २५ अँपिअर बॅटरीतून जातात, आणि तासाभरात ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा होतो. पंखे वेगळ्या जातीचे असतील, तर हा हिशेब बराच बदलेल. सहा-सात वॅटचे छोटे पंखे असतील, तर पंख्यांचा भार जवळपास नाहीसाच होतो. म्हणून प्रत्येक वस्तू एकेक करून चालू करून तिचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. मीटर डीसी मोजणारा असल्याची खात्री करा. घरच्या वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो आणि गाडीच्या वायरवर शून्य दाखवतो.

उभ्या गाडीत एवढी तूट असली, तरी वाटेत ती भरून निघायला हवी, असे तुम्ही म्हणाल, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. रस्त्याला लागल्यावर हॅलोजन आणि इन्व्हर्टर बंद असतात, भार २८ अँपिअरवर येतो, तापलेला अल्टरनेटर ३६-३८ अँपिअर देत असेल तर बॅटरीसाठी ८ ते १० अँपिअर शिल्लक राहतात, आणि पुण्यापर्यंतच्या तीनेक तासांत गेलेले बरेचसे परत मिळायला हवे. तसे मिळत नसेल, तर माझे लक्ष वायरिंगकडे जाते. लेड-ॲसिड बॅटरी भरण्यासाठी तिच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असावे लागतात, टोकांवर १३.२ च पोहोचत असतील, तर अल्टरनेटरमध्ये ताकद असूनही बॅटरी ती घेत नाही. सतत अर्धी भरलेली राहणारी बॅटरी प्लेटांवर सल्फेट जमून मरते. दीड वर्षात दोन बॅटऱ्या जाण्यामागे मला हेच कारण जास्त संभवनीय वाटते. पुण्यात गाडी लावल्यावर इंजिन बंद ठेवून पंखे चालू असतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. असतील, तर दर तासाला आणखी १५ अँपिअर-अवर जातात आणि पहाटे सेल्फ न ओढण्याचे कोडे तिथेच सुटते.

वायरचा हिशेब थोडा सविस्तर सांगतो, कारण गॅरेजमध्ये हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध एका मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम असतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वाट तीन मीटरची धरली आणि तिच्यातून ६० अँपिअर जाऊ दिले, तर त्या वायरमध्येच अर्ध्या व्होल्टहून अधिक, सुमारे ०.५६ व्होल्ट खर्च होतात. शिवाय जुन्या गाड्यांत ही वाट सरळ नसते. काहींमध्ये सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून येतो, वाटेत इग्निशन स्विचचे जोड, काळे पडलेले थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि कोणीतरी टेप गुंडाळून केलेले सांधे असतात, आणि प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्टेज गळते. हीच वायर १६ चौरस मिलिमीटरची केली, तर तेवढ्याच अंतरात आणि तेवढ्याच करंटला तूट ०.२२ व्होल्टवर येते. पाइपलाइन दीड इंचीच ठेवून विहिरीवरची मोटर तीनवरून साडेसात अश्वशक्तीची केली, तर पाणी अडीचपट येत नाही, पाइप मात्र फुटतो. जुन्या वायरवर १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवण्याची गत तशीच आहे, फक्त इथे फुटण्याऐवजी वायर जळते.

त्यामुळे खरेदीआधी एक दिवस मोजमापासाठी द्या. साध्या मल्टिमीटरने हे सगळे होते. रात्रभर गाडी बंद राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहा, १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ असेल तर ती निम्मी आहे. इंजिन चालू करून, काहीही भार न टाकता, व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले पाहिजे. मग हेडलाइट, पंखे, हॅलोजन सगळे लावा, कोणाला तरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन १,५०० ते २,००० आरपीएमला धरायला सांगा आणि दोन मोजमापे घ्या. एक, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन, एक पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. पहिला आकडा ०.३ ते ०.४ व्होल्टच्या वर असेल तर चार्जिंगच्या वायरीत दोष आहे. दुसरा ०.२ च्या वर असेल तर अर्थिंगमध्ये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याचा चेसिसशी विद्युत संबंध केवळ एका वेणीदार पट्टीवर अवलंबून असतो, आणि आमच्याकडच्या डोंगरी पावसात वर्षानुवर्षे भिजलेली ती पट्टी वरून शाबूत दिसते पण आतून हिरवी पडलेली असते. शेवटी मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीच्या टोकांवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसले, तर डायोड गेलेला आहे. बॅटरीची वायर इंजिन चालू असताना काढून ‘डायनमो चालतो का’ ते पाहण्याची जी जुनी पद्धत अजूनही दिसते, ती कोणालाही करू देऊ नका; त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि चांगले डायोड व रेग्युलेटर त्यातच जातात.

थोडक्यात, आधी भार मोजायचा, मग व्होल्टेज कुठे गळते ते शोधायचे, आणि उरलेली तूट पाहून अल्टरनेटरचा आकडा ठरवायचा. या क्रमाने गेल्यावर बऱ्याच गाड्यांना मूळ अल्टरनेटरच पुरतो, असा माझा अनुभव आहे. तुमच्या गाडीला तो पुरेल असे वाटत नाही, कारण पंख्यांचा भार खरा आहे. परंतु तूट कितीतरी कमी करता येईल. भरणीचे हॅलोजन काढून १८ वॅटचे दोन एलईडी लावले, तर ८ अँपिअरचे जेमतेम पावणेतीन होतात. गाडी उभी असताना हेडलाइट बंद ठेवले, तर आणखी ८ वाचतात. पेटी भरत असताना दारे उघडीच असतात, तेव्हा दोन पंख्यांऐवजी एक पुरे. असे केल्यावर उभ्या गाडीचा भार ४५ वरून २४-२५ अँपिअरवर येतो. ७० ते ७५ अँपिअरचा चांगला अल्टरनेटर स्लोवर तीसेक अँपिअर देतो, म्हणजे भरणीच्या वेळी बॅटरीतून काही जाण्याऐवजी तिला थोडे मिळूही लागेल, आणि रस्त्यावर दोन्ही पंखे लावूनही हात सैल राहील.

असा अल्टरनेटर शोधताना माझा पहिला प्रयत्न नेहमी त्याच कुळातल्या इंजिनावर, पण एसी असलेल्या गाडीवर येणारा अल्टरनेटर मिळतो का, हे पाहण्याचा असतो. एसीच्या गाडीला कंपनीकडूनच सहसा मोठ्या क्षमतेचा अल्टरनेटर दिलेला असतो, आणि इंजिन एकाच घराण्यातले असल्याने ब्रॅकेट, पंप आणि ऑइलच्या नळ्या जुळण्याची शक्यता सर्वाधिक असते. शक्यता म्हणतो, खात्री नव्हे. म्हणून जुना अल्टरनेटर खोलून दुकानात सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पायाच्या छिद्रांतील अंतर, ताण देण्याच्या कानाची बाजू, पुलीची खाच व तिचा व्यास, पंपाच्या नळ्यांचे आटे आणि मागच्या टर्मिनलची जागा पडताळून पाहा. पट्टीवर १२ व्होल्टच लिहिले आहे ना, हेही पाहा, कारण जुन्या बाजारात ट्रकचे २४ व्होल्टचे अल्टरनेटर बाहेरून अगदी तसेच दिसतात. पुली जाणूनबुजून लहान करून स्लोवरचा वेग वाढवता येतो, आणि क्वचित मी तसे करतोही, पण लहान पुलीला बेल्टचा विळखा कमी बसतो, त्यामुळे हा उपाय शेवटी ठेवावा.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढावी. नवी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्यावी आणि तिच्यात १०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ टाकावा. फ्यूज अल्टरनेटरजवळ टाकून चालत नाही, कारण ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर आग लावणारा करंट बॅटरीकडून येतो आणि तो अडवायचा असतो. थिंबल हातोडीने ठोकून न बसवता क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून घ्यावे. वायर एग्झॉस्टपासून लांब, नळीत घालून, पट्ट्यांनी बांधून न्यावी. डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल, तर मोठा करंट त्यातून नेऊ नये. त्या जागी व्होल्टमीटर लावावा, आणि खरे म्हणजे रात्री गाडी चालवणाऱ्याला व्होल्टमीटरच अधिक उपयोगी आहे. इंजिनापासून चेसिसला आणि चेसिसपासून बॅटरीच्या निगेटिव्हला नव्या पट्ट्या द्याव्यात, आणि त्यांच्याखालचा रंग व गंज धातू चमकेपर्यंत घासून काढावा. पंखे, लाइट आणि इन्व्हर्टर यांना प्रत्येकी स्वतःचा फ्यूज हवा, आणि पंखे रिलेवरून चालवावेत.

व्हॅक्युम पंपाच्या नळ्यांना नवे वॉशर वापरावेत, पंपाच्या तोंडातून थोडे स्वच्छ इंजिन ऑइल आत सोडावे आणि हाताने पुली दोन-चार वेळा, फिरण्याच्या दिशेनेच फिरवावी, म्हणजे पहिल्या सेकंदांत पंप कोरडा घासत नाही. इंजिन चालू केल्यावर नळ्यांचे सांधे पाझरतात का, ते ताबडतोब बघावे. बेल्टचा ताण दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून १० ते १२ मिलिमीटर इतका ठेवावा. फार ताणल्यास अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्हींची बेअरिंग जातात. नवा बेल्ट सुरुवातीला सैल होतोच, त्यामुळे दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासावा.

चार्जिंगच्या लाल दिव्याविषयी एक बारीक गोष्ट. तो केवळ इशारा देणारा दिवा नाही. इग्निशन लावल्यावर रोटरला (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो आणि त्यावर अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडालेला असेल, किंवा कोणी हौसेने तिथे एलईडी बसवला असेल, तर नवा कोरा अल्टरनेटरही रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू करत नाही, आणि माल सदोष निघाला म्हणून दुकानदाराशी विनाकारण वाद होतो. तिथे मूळचाच दोन-तीन वॅटचा तारेचा बल्ब असू द्या.

आता असलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरखाली तशीच ठेवू नका. आधी ती बाहेर काढून चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्या आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता पाहा. सर्व सेल १.२५ ते १.२८ च्या दरम्यान आले तर ती वाचली. एखादा सेल बराच मागे राहिला, तर ती बदलावी लागेल, कारण सदोष बॅटरी नव्या अल्टरनेटरकडून सतत जास्त करंट खेचते आणि त्यालाही तापवते. पुण्यात इंजिन बंद ठेवून तास-दोन तास पंखे चालवण्याची गरज खरोखरच असेल, तर त्याचे उत्तर अल्टरनेटरमध्ये नाही. त्यासाठी पेटीला वेगळी दुसरी बॅटरी आणि दोन्ही बॅटऱ्या इंजिन बंद होताच एकमेकींपासून तोडणारा रिले, अशी व्यवस्था लागते, म्हणजे पंख्यांनी त्यांची बॅटरी उतरवली तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. त्या भरपाईसाठी रस्त्यावरचा भार आणखी वाढतो, म्हणून ते ठरवत असाल तर ७० ऐवजी ७५ अँपिअरच्या बाजूला झुका.

तुमच्या गाडीला दरवर्षी आरटीओचे पासिंग आहे, हे लक्षात घेऊन भरणीचे एलईडी मागे हौद्याकडे तोंड करून, वेगळ्या स्विचवर लावा आणि गाडी रस्त्यावर असताना ते बंद ठेवा. हेडलाइटमध्ये ६०/५५ च्या वरचे बल्ब घालू नका. ते नियमात बसत नाहीत, होल्डर वितळवतात आणि वर केलेली सगळी बचत खाऊन टाकतात.

सगळे बसल्यावर पहिली चाचणी ब्रेकची घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, तर गाडी गॅरेजच्या बाहेर काढू नका, भरणी कितीही तातडीची असली तरी. ते ठीक असेल, तर सर्व भार लावून गाडी अर्धा तास स्लोवर उभी ठेवा आणि बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज सुरुवातीला व शेवटी लिहून घ्या. ते १३ च्या वर टिकले, तर हिशेब जमला. खाली घसरत गेले, तर स्लो थोडा वाढवून पुन्हा पाहा. मला पुढे काही सांगायचे असेल, तर हे दोन आकडे, वायर व अर्थिंगमधली तूट आणि पंख्यांचा मोजलेला करंट, एवढे लागेल. शक्य झाल्यास अल्टरनेटरच्या पाठीमागचा, तिन्ही नळ्या दिसतील असा फोटोही टाका.